खालचा सूर

दोघांनी किंवा अनेकांनी मिळून गाणे हा प्रकार आपल्या कानांना परका नाही. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, कीर्तनकाराचे पद मागचे टाळकरी उचलून धरतात, आणि गणेशोत्सवातल्या आरतीत तर सारे घर एका सुरात येण्याची खटपट करीत असते. परंतु या सर्व प्रकारांत चाल एकच असते. मागचा पुढच्याचीच ओळ उचलतो. फार तर सप्तक बदलतो. दोन माणसांनी एकाच वेळी, एकाच शब्दावर दोन भिन्न स्वर लावायचे, दोन्ही स्वर आपापल्या वाटेने चालवायचे आणि तरीही ऐकणाऱ्याला एकच गाणे ऐकल्याचे समाधान द्यायचे, ही पाश्चात्त्य संगीतातली रीत मात्र आपल्या कानांना मुद्दाम शिकावी लागते. शिकताना पहिला अनुभव येतो तो असा, की वरचा सूर चटकन ध्यानात येतो आणि खालचा असूनही नसल्यासारखा होतो. या लेखाचा विषय तो खालचा सूर आहे. निमित्त आहे पाच ध्वनिमुद्रिकांच्या एका संचाचे.

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ही अमेरिकन गायकजोडी आपल्यापैकी अनेकांनी निदान नावाने ऐकलेली असेल. दोघांचा जन्म १९४१ सालचा, तीन-साडेतीन आठवड्यांच्या अंतराने झालेला. दोघेही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढले आणि १९५३ साली शाळेतल्या 'ॲलिस इन वंडरलंड'च्या नाटकात एकत्र आले. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, १९५७ साली, 'टॉम अँड जेरी' असे नाव घेऊन त्यांनी एक गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते थोडेफार चाललेही. त्या काळी त्यांच्यासमोर आदर्श होता तो एव्हर्ली बंधूंचा. दोन सख्ख्या भावांच्या आवाजांत जे नैसर्गिक साधर्म्य असते ते या दोन मित्रांनी मेहनतीने मिळवले. पुढे १९६४ ते १९७० या सहा वर्षांत कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी पाच स्टुडिओ अल्बम केले आणि मग ते वेगळे झाले. २००१ साली कंपनीने हे पाचही अल्बम नव्याने रिमास्टर करून, काही अप्रकाशित मुद्रणांची जोड देऊन, एका पेटीत एकत्र आणले. त्या पेटीचे नाव 'द कोलंबिया स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज'. २०१४ साली याहून मोठा, बारा तबकड्यांचा संचही निघाला. पण माझ्या कपाटात आहे तो हा पाचांचाच. माझ्या मुलीने तो मला भेट दिला.

रिमास्टर करणे म्हणजे नेमके काय, याविषयी पुष्कळदा गैरसमज असतो. गायकांचे आवाज, गिटार, ढोल, तंतुवाद्ये ही सारी स्टुडिओत वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केली जातात आणि मग त्यांचे प्रमाण ठरवून दोन पट्ट्यांची एक अंतिम फीत तयार होते. तिला मास्टर म्हणतात. ते प्रमाण पुन्हा ठरवणे म्हणजे रिमिक्स. रिमास्टर करणारा त्या प्रमाणाला हात लावीत नाही. तो मूळ मास्टर फितीपर्यंत मागे जातो, ती चांगल्या यंत्रावर वाजवून नव्याने अंकीय रूपात उतरवून घेतो, स्वरपट्टीच्या वरच्या आणि खालच्या भागांचा तोल सांभाळतो आणि मधल्या काळात प्रतींवर प्रती निघताना साचलेली धूळ बाजूला करतो. म्हणजे दबलेला एखादा आवाज त्याला एकट्याने उचलता येत नाही. त्यावर पडलेले पांघरूण फक्त काढता येते. या कामात एक मोहही असतो. १९९०च्या दशकापासून पुढे अनेक जुनी मुद्रणे नव्याने काढताना ती अधिक मोठ्या आवाजाची व्हावीत म्हणून दाबून सपाट करण्यात आली, हळू आणि मोठा यांतले अंतरच नाहीसे झाले. या संचात तो मोह पुष्कळसा आवरलेला दिसतो. जिथे गाणे कुजबुजते तिथे ते कुजबुजूच दिले आहे.

मला या कामाची किंमत विशेष वाटण्याचे कारण आमची मूळ ओळख ज्या ध्वनिफितीतून झाली ती होय. माझे थोरले बंधू १९७०च्या दशकाच्या अखेरीस बडोद्याला शिकायला होते. वसतिगृहात कोणाकडून तरी कोणी तरी उतरवून घेतलेली, तिच्यावरून पुन्हा उतरवलेली एक कॅसेट घेऊन ते सुट्टीत इंदूरला आले. फितीवरून फीत काढताना दर खेपेस खरखर वाढते आणि आवाजातली वरची चमक कमी होते, हे ज्यांनी त्या काळात हे उद्योग केले आहेत त्यांना सांगायला नको. आमच्या कॅसेटवर गाणी जणू शेजारच्या घरात, बंद दाराआड चालल्यासारखी वाजत. आम्हाला तीच त्यांची मूळ रीत वाटे.

संचातल्या पहिल्या दोन तबकड्या पाठोपाठ ऐकल्या तर एक विलक्षण गोष्ट प्रत्यक्ष अनुभवता येते. 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.' हा पहिला अल्बम मार्च १९६४मध्ये अवघ्या काही बैठकांत मुद्रित झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाला. गिटार, साथीला मंद्र बास आणि दोन आवाज, एवढाच त्याचा संसार. त्याची विक्री झाली नाही. सायमन इंग्लंडला गेला, गारफंकल कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासाकडे वळला, आणि जोडी जवळजवळ मोडली. पण त्या अल्बममधले 'द साउंड ऑफ सायलेन्स' हे गाणे काही आकाशवाणी केंद्रांवरून वाजू लागले, तेव्हा निर्माता टॉम विल्सन याने जून १९६५मध्ये जुन्याच मुद्रणावर विजेची गिटार, बास आणि ढोल चढवले. हे त्याने दोघांनाही न विचारता केले. गाणे नव्या वेषात बाहेर पडले आणि जानेवारी १९६६मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. दुसरा अल्बम त्याच्याच नावाने घाईघाईने तयार झाला.

आता ही दोन्ही रूपे एकाच पेटीत आहेत. गळा तोच, श्वास तोच. भोवतालचे जग तेवढे वेगळे. नीट ऐकले तर नव्या रूपातले ढोलवादक आणि गिटारवादक काही ठिकाणी किंचित अडखळून गायकांची वाट पाहताना जाणवतात. याचे कारण साधे आहे. मूळ गाण्याची लय घड्याळाबरहुकूम नव्हती. दोघे मित्र एकमेकांकडे पाहत, शब्दाच्या भावाप्रमाणे ती किंचित सैल, किंचित घट्ट करीत गेले होते. वर्षभराने आलेल्या वादकांना त्या दोघांच्या श्वासामागून चालणे भाग पडले. आमच्या जुन्या कॅसेटवर हे सारे एका गोंगाटात विरघळले होते. इथे ते स्पष्ट होते, आणि ज्यांची नावे वेष्टनावर ठळक अक्षरांत नव्हती अशा त्या वादकांचे कसबही प्रथमच लक्षात येते. रिमास्टरिंगने मला पहिला खालचा सूर ऐकवला तो हा.

तिसरा अल्बम 'पार्स्ली, सेज, रोझमेरी अँड थाइम' ऑक्टोबर १९६६चा. त्यातल्या 'स्कारबरो फेअर' या इंग्रजी लोकगीताभोवती सायमनने आपल्याच एका जुन्या युद्धविरोधी गीताची दुसरी चाल विणली. वर जत्रेची, औषधी वनस्पतींची, दुरावलेल्या प्रेमाची पुरातन ओळ चालते. खाली सैनिकांची आणि तोफांची. व्हिएतनामच्या युद्धाचा तो काळ. नव्या संचात ही खालची ओळ शब्दन् शब्द कळते, आणि मग गाण्याचा अर्थच पालटतो. वरचे गोड चित्र ज्याच्या आठवणीत तरळत आहे तो माणूस बहुधा घरी परतणार नाही, हे तिने सुचवलेले असते.

याच गाण्याखाली आणखी एक सूर दडलेला आहे, आणि तो कोणत्याही यंत्राने वर येण्यासारखा नव्हता. सायमनने हे लोकगीत लंडनमध्ये मार्टिन कार्थी या इंग्रज लोकगायकाकडून ऐकून उचलले. गीत परंपरेचे, त्यावर कोणाची मालकी नाही. परंतु त्याची गिटारवरची विशिष्ट बांधणी कार्थीच्या मेहनतीची होती आणि अल्बमवर त्याचा उल्लेख नव्हता. ही सल कार्थीच्या मनात अनेक वर्षे राहिली. शेवटी २००० साली लंडनच्या कार्यक्रमात सायमनने त्याला रंगमंचावर बोलावले आणि दोघांनी ते गीत एकत्र गायिले. माळव्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न अपरिचित नाही. देवासला राहून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुना ऐकल्या, टिपल्या, त्यांतून नवे राग घडवले. पण ते माळव्याचे ऋण त्यांनी उघडपणे, अभिमानाने सांगितले. लोकगीत घेणे यात गैर काही नाही. ते ज्या गळ्यातून आपल्यापर्यंत आले त्याचे नाव घेतले की घेणेही गाण्याचाच भाग होते.

पाचव्या अल्बममध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. 'एल कोंदोर पासा' ही पेरू देशातली धून सायमनने पॅरिसमध्ये 'लॉस इंकास' या वाद्यवृंदाकडून ऐकली, ती परंपरागत असल्याचे समजून तिच्यावर इंग्रजी शब्द बसवले आणि त्या वादकांचेच मुद्रण साथीला वापरले. वस्तुतः ती धून पेरूच्या दानिएल आलोमिया रोब्लेस या संगीतकाराने १९१३ साली एका संगीत नाटकासाठी रचलेली होती. त्याच्या मुलाने दावा लावला. प्रकरण कटुता न वाढता मिटले आणि रचनाकाराचे नाव गाण्याला लागले. आज ती तबकडी लावली की बासरीच्या पहिल्या फुंकरीबरोबर अँडीज पर्वताची थंड हवा खोलीत आल्यासारखी वाटते. त्या फुंकरीला एक नाव आहे, हे ठाऊक असल्याने ती अधिक जवळची होते.

एप्रिल १९६८मधला 'बुकएंड्स' हा या पाचांत माझा सर्वांत आवडता. जेमतेम अर्ध्या तासाचा हा अल्बम. त्याची पहिली बाजू तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत एका माणसाच्या आयुष्याचा प्रवास मांडते. मध्येच एक गाणे नसलेला तुकडा येतो. गारफंकलने वृद्धाश्रमांत जाऊन म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते, त्याचा तो संकलित अंश. कोणी प्रकृतीविषयी बोलते, कोणी जपून ठेवलेल्या छायाचित्रांविषयी. त्यानंतर 'ओल्ड फ्रेंड्स' हे गाणे सुरू होते: बागेतल्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले दोन वृद्ध मित्र, आणि सत्तरीचे होणे किती विचित्र असेल याचे नवल. हे गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा सायमन सव्वीस वर्षांचा होता. जुन्या कॅसेटवर म्हाताऱ्यांच्या बोलण्याचा तुकडा इतका अस्पष्ट होता, की आम्ही फीत पुढे सरकवीत असू. आता त्यातले खोकणे, खुर्चीची कुरकुर आणि बोलताना मध्येच हरवणारा धागा, सगळे ऐकू येते. मीही सत्तरी ओलांडली आहे. सव्वीस वर्षांच्या मुलाने बांधलेल्या त्या अंदाजात चूक काढायला मला फारशी जागा सापडत नाही.

शेवटचा अल्बम, 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', जानेवारी १९७०चा. त्यातल्या 'द बॉक्सर' या एका गाण्यासाठी शंभराहून अधिक तास खर्च झाले. काही भाग नॅशव्हिलला, काही न्यूयॉर्कला, समूहाचे आवाज कोलंबिया विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात, आणि ढोलाचा तो सुप्रसिद्ध आघात स्टुडिओच्या इमारतीतल्या लिफ्टच्या दारासमोर. ध्वनिमुद्रक रॉय हॅली याने आठ-आठ पट्ट्यांची दोन यंत्रे जोडून सोळा पट्ट्यांची सोय केली होती. या गाण्यात मूळ चाल बहुतांशी सायमनच्या खालच्या आवाजात आहे आणि गारफंकलचा उंच स्वर तिच्यावर छत्र धरतो. आपला कान वरच्यालाच मुख्य समजत असतो, आणि गाण्याचा पाया मात्र खाली बसलेला असतो.

पहिल्या तबकडीवर हे दोघे एकमेकांना ऐकत, एकत्र उभे राहून गातात हे कानाला कळते. पाचवीवर पुष्कळ ठिकाणी आवाज अप्रतिम जुळलेले असूनही माणसे वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी उभी असल्यासारखी वाटतात. त्याला कारणही होते. १९६९ साली गारफंकल 'कॅच-२२' या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मेक्सिकोत अडकला होता. त्याच चित्रपटातली सायमनची छोटी भूमिका गाळली गेली होती. न्यूयॉर्कमध्ये एकटा राहिलेला सायमन त्या एकटेपणावरच गाणी लिहीत होता आणि मित्र परतल्यावर त्यालाच सोबत घेऊन ती गात होता.

अल्बमच्या नावाचे गाणे सायमनने लिहिले आणि ते तूच गा, असा आग्रह गारफंकलला केला. गारफंकल प्रथम राजी नव्हता. पण गाइले, आणि असे गाइले की जग त्याचे झाले. पुढे मैफलीत लॅरी नेक्टेलच्या पियानोबरोबर गारफंकल एकटा ते गाई, आणि सायमन रंगमंचाच्या कडेला उभा राहून टाळ्यांचा कडकडाट ऐके. हे गाणे तर माझे आहे, असे त्या क्षणी वाटत असे, हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. दुसरीकडे, जोडीतली जवळजवळ सगळी गाणी एकट्या सायमनचीच, ही बोच गारफंकलपाशी होती. म्हणजे दोघांनाही आपण खालचा सूर आहोत असेच वाटत होते. अल्बममधल्या बाराव्या गाण्यावरून त्यांचे एकमत झाले नाही. सायमनला एक राजकीय गाणे हवे होते, गारफंकलला बाखची एक प्रार्थना. दोन्ही राहिले आणि अल्बम अकरा गाण्यांवर संपला. १९७१ साली या कामगिरीला सहा ग्रॅमी पुरस्कार मिळाले, तेव्हा जोडी उरली नव्हती. तरीही त्या नावाच्या गाण्याचे शेवटचे कडवे लक्ष देऊन ऐकावे. गारफंकलच्या एकट्या आवाजाला तिथे सायमनचा आवाज येऊन मिळतो. हलक्या पावलाने येतो आणि न सांगता निघून जातो.

माझ्या कानांविषयी दोन शब्द लिहिणे इथे भाग आहे. वयोमानाने माणसाची श्रवणशक्ती कमी होते ती वरच्या बाजूने. झांजेची किणकिण, 'स' आणि 'त' यांची कड, तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज, हे आधी जाते. म्हणजे रिमास्टर करणाऱ्यांनी जे कष्टाने परत मिळवले आहे, नेमके तेच माझ्या कानांतून निघून चालले आहे. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखावर ती उतरती रेघ मी पाहिली, तेव्हा ती आमच्या त्या उतरवलेल्या कॅसेटसारखी वाटली. फितीला मास्टर असतो, कानाला नसतो. पण आलेखाचा खालचा भाग अजून शाबूत आहे. मनुष्याच्या गळ्यातली चाल तिथेच राहते.

आमच्या घरी दादा नेहमी खालची ओळ गात. आवाज त्यांचा जाड, मंद्रात बसणारा. संध्याकाळी वीज गेली, की गच्चीवर आम्ही दोघे ही गाणी म्हणत असू, आणि वरची ओळ आपोआप माझ्याकडे येई. घरात येणाऱ्या पाहुण्याला माझे गाणे ऐकू जाई. दादा काय गात आहेत हे फारसे कोणाच्या लक्षात येत नसे. आई मात्र स्वयंपाकघरातून सांगे, की दोघे म्हणता तेव्हा बरे वाटते, एकेकट्याने म्हणता तेव्हा काही तरी कमी पडते. २०१९ साली दादा गेले. त्यानंतर ही गाणी मला एकट्याला म्हणता आली नाहीत. सुरुवात केली की आपला सूर आधार सुटल्यासारखा तरंगत राहतो.

हा संच लावून बसलो, तेव्हा झांजा आणि तारा मला थोड्याच ऐकू आल्या. मुलीने मोठ्या कौतुकाने दाखवलेल्या कित्येक बारीक जागा तिच्या कानांना लाभल्या, माझ्या नाही. परंतु सायमनची खालची ओळ मला पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही स्वर न निसटता, मिळाली. दादा बरोबर त्याच वाटेने जात असत. त्या मळक्या फितीतूनही त्यांनी ती ओळ कशी शोधून काढली होती याचे मला आज नवल वाटते. बहुधा त्यांना दुसऱ्याचा आवाज कोठे टेकतो आहे हे पाहायची सवय होती, आणि ती सवय गाण्यापुरती नव्हती. घरातल्या कित्येक गोष्टी त्यांच्या तशा, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या सुरावर उभ्या होत्या.

सायमन आणि गारफंकल दोघेही आता ऐंशीच्या पुढे आहेत. डाव्या कानाने ऐकू येणे जवळजवळ बंद झाल्याचे सायमनने २०२३ साली जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबर २०२४मध्ये गारफंकलने सांगितले, की अनेक वर्षांच्या अबोल्यानंतर दोघे एकत्र जेवले, जुन्या दुखावल्या बोलण्याचा विषय निघाला आणि डोळ्यांत पाणी आले. बाकावरच्या दोन मित्रांचे ते गाणे लिहून तेव्हा छप्पन्न वर्षे झाली होती. त्या भेटीत कोणी गायिले का, हे विचारण्याचे कारण नाही. दोघे समोरासमोर बसले आणि एकमेकांना ऐकू आले, एवढे पुरेसे आहे.

आपल्या अनेक घरांतून जुन्या फिती अजून पडून आहेत. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या वडिलांचे कीर्तन, कोणाच्या घरच्या गौरीची गाणी. त्या स्वच्छ करून घ्याव्यात असे मनापासून सुचवावेसे वाटते. आता ते फारसे कठीण राहिलेले नाही. ऐकताना मुख्य आवाजाच्या मागे कान द्यावा. धृपद धरणारी एखादी काकू, ताल चुकू न देणारा एखादा शेजारी तिथे असतोच. त्याचे नाव सांगू शकणारे माणूस घरात आहे तोवर ते विचारून फितीच्या वेष्टनावर लिहून ठेवावे.